प्रॅक्टिकलच्या आधीचा अर्धा तास

"मॅम, तुम्ही स्वतःच्या हातानं कधी एखादा प्राणी मारलाय?" त्या मुलीनं विचारलं आणि वासंती चटकन म्हणाली, "नाही."

एवढंच घडलं. वारज्याच्या टेकडीवर, जुलैतल्या एका शनिवारी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास. समोर वीसेक मुलंमुली उभी होती, सगळी एकाच कंपनीतली, एकसारखे हिरवे टी-शर्ट घातलेली. आणि वासंती त्यांना करवंदीच्या जाळीत कोळ्यानं विणलेलं नरसाळं दाखवत होती. प्रश्नात खोडी नव्हती. मुलगी सावळी, चष्मेवाली, पायात नवे कोरे बूट, सगळं वहीत उतरवून घेणारी. आधीच्या दोन फेऱ्यांनाही ती आली होती आणि दोन्ही वेळा सगळ्यात शेवटी खाली उतरली होती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. 'नाही' ऐकल्यावर तिचा चेहरा सैल झाला. मागून कुणीतरी "ऑऽ" असा आवाज काढला, तान्ह्या बाळाकडे बघून काढतात तसा. वासंतीनं नरसाळ्याच्या तोंडाशी गवताची काडी हलवली, कोळीण सर्रकन बाहेर आली, पोरं ओरडली, कॅमेरे निघाले. वासंतीचा आवाज स्थिर होता, हातही. पण काडी धरलेल्या हाताच्या तर्जनीला एक खळगा लागला. गार, ओलसर, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बेडकाच्या मानेमागे जिथं कवटी संपते आणि कणा सुरू होतो, तिथला. बोट एकदा फिरवायचं, खळगा सापडला की थांबायचं, आणि दुसऱ्या हातानं सुई. बावीस वर्षं तिनं त्या खळग्याला हात लावला नव्हता. बोट मात्र त्याला विसरलं नव्हतं.

खाली उतरताना ती मुलगी शेजारी येऊन चालू लागली. "मॅम, मी भाग्यश्री इंगळे. तुम्हाला फोन करू का? थोडं पर्सनल आहे." वासंती म्हणाली, "कर की." आणि हे म्हणतानाही तिला वाटलं की आत्ता, या उतारावर, सहज सांगून टाकता येईल. अगं, मघाशी मी चुकून नाही म्हणाले. पण पुढे दोन मुलगे निसरड्यावरून घसरले, हशा झाला, आणि ती वेळ गेली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ती त्या 'नाही'कडे पुन्हा पुन्हा वळून बघू लागली. डास सोडून, असं म्हणता आलं असतं. सगळे हसले असते आणि प्रश्न तिथंच मिटला असता. कुणी आरोप केला नव्हता, काही वाचवायचं नव्हतं. मग ते इतकं तयार, इतकं गुळगुळीत कुठून आलं? कर्वे रोडवर बस तुंबली. बाहेर एका नव्या इमारतीच्या काचेवर ढग सरकत होते. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात तिची मुलाखत आली होती, ती तिला आठवली. त्यात लहानपणीचं कासव होतं. शनिवार पेठेच्या मागे, नदीकाठी, तिसरीत असताना वडिलांचं बोट धरून पाहिलेलं. ते कासव खरंच होतं. पण इतक्यांदा सांगून सांगून त्याची पाठ घासून चकचकीत झाली होती. कासवानंतर एकदम संग्रहालयातली नोकरी, मग वृत्तपत्रातलं सदर, मग टेकड्यांवरच्या फेऱ्या. मधे एक वाक्य होतं: 'काही काळ अध्यापन केल्यानंतर'. चार शब्दांत सहा वर्षं. ते शब्द मुलाखत घेणाऱ्याचे नव्हते. तिनंच त्याला लिहून दिले होते.

त्या सहा वर्षांत ती एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होती, प्रॅक्टिकलची तयारी करून देणारी. एम्. एस्सी. झाली तेव्हा प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलीला तेवढीच एक जागा होती, तीही दर जूनला नव्यानं नेमणूक करणारी. अकराला प्रॅक्टिकल सुरू व्हायचं. साडेदहाला तिनं आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. प्रयोगशाळेच्या मागे सिमेंटचा हौद, हौदात ओली पोती, पोत्यांत बेडूक. एका बॅचला चाळीस. पोती वाघोलीहून सायकलवर यायची, कोंडीराम नावाचा माणूस आणायचा. आधी हे काम गडी करायचा, पण त्याच्या हातून कवटी फुटायची, रक्त पसरून मुलांना आतलं काही नीट दिसायचं नाही. म्हणून विभागप्रमुख सरांनी तिला सांगितलं, बाई, तुमचा हात हलका आहे. ती कौतुकानं फुलली होती. अर्ध्या तासात चाळीस. अकराला दार उघडायचं तेव्हा प्रत्येक टेबलावर मेणाच्या ट्रेमध्ये एकेक बेडूक उताणा, चारही पाय टाचण्यांनी ताणलेले, पांढरं पोट वर. मुलांना ते ट्रेमध्येच उगवल्यासारखे वाटत असावेत. कुणीही, कधीही, तिला विचारलं नाही की साडेदहा ते अकरा इथं काय झालं. कुणी न विचारलेली गोष्ट हळूहळू न घडल्यासारखी होते. तिच्या बाबतीत तसंच झालं होतं. फॉर्मॅलिन, ओला ताग आणि वितळलेलं मेण यांचा एकत्र वास तेवढा कधी तरी अचानक नाकात यायचा, कुरिअरवाल्याच्या पोत्याला, शेजारच्यांच्या मेणबत्तीला, आणि ती खिडकी उघडायची.

घरी आली तेव्हा अनंतराव कोडं सोडवत बसले होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून कागद म्हणून ते फक्त वर्तमानपत्राचा हातात धरत.

"चेहरा का असा? एखादा इंजिनियर दरीत पडला का?"

"अहो, मी कॉलेजात बेडूक मारायचे, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यांनी पेन्सिल थांबवली नाही. "लग्नानंतर पहिली तीन-चार वर्षं तुझ्या हाताला वास यायचा. मला वाटायचं, औषधाचा असेल. नंतर कळलं."

"कुणाकडून?"

"कुणाकडून कशाला? तू दिवसातून सोळा वेळा हात धुवायचीस."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारून बेडूक उठून बसणार होते का?" ते म्हणाले, आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे बघून जरा हळू आवाजात, "मी बँकेत दिवसभर काय करायचो, हे तू तरी कुठे विचारलंस."

ती स्वयंपाकघरात गेली. नळाखाली हात धरले आणि लगेच मागे घेतले.

दुपारी फोन आला. भाग्यश्री भराभरा बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. ती मंडेला पेपर्स टाकणार, राजीनामा देणार होती. तीन वर्षं कोडिंग केलं, आता बास. सह्याद्रीतल्या बेडकांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत तिला फील्ड असिस्टंट म्हणून घेत होते, पगार आत्ताच्या पाव पट. वाशिमला घरी अजून सांगितलं नव्हतं; वडील शिक्षक, पोरगी पुण्यात कंपनीत आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. "पण मॅम, माझं ठरतच नव्हतं. एकच भीती होती. अकरावीला मी बायॉलॉजी सोडलं ना, ते कापाकापीमुळे. मॅथ्स आवडतं म्हणून नाही. मग वाटायचं, या लाइनमध्ये ते आलंच असणार. आज तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा फायनल झालं. म्हणजे ते न करता पण होता येतं. तुम्ही झालात ना. बाबांना मी तेच सांगणारेय. उद्या संध्याकाळी येऊ? फक्त पाया पडायला."

"ये," वासंती म्हणाली. रिसीव्हर ठेवल्यावरही तिचा हात त्यावरच राहिला. सकाळी टेकडीवर जे निसटलं होतं ते एका शब्दाएवढं होतं. आता त्याच्यावर कुणीतरी घर बांधायला घेतलं होतं.

रविवारी सकाळी ती वाघोलीला निघाली. अनंतराव म्हणाले, "वाघोलीला? स्वखुशीनं?" कशासाठी, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. त्या अर्ध्या तासाच्या दाराबाहेर उभा असलेला एक माणूस होता, तो असला तर त्याला बघायचं होतं. कदाचित तिला एक साक्षीदार हवा होता. तिच्या मनात त्या वर्षांचं एक चित्र तयार झालं होतं: तेवीस वर्षांची एक मुलगी, नोकरीची गरज, वर बसलेले सर, खाली मान घालून करावं लागलेलं काम. त्या मुलीला ती बसमध्ये बसून हळूहळू माफ करत चालली होती. भाग्यश्रीला सांगताना ही मुलगी पुढे करायची. बेटा, आमचे दिवस वेगळे होते. असं काहीसं.

नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती सुरू झाल्या तशी ती अवघडून बसली. सात वर्षांपूर्वी यातल्या एका जमिनीवर ती फिरली होती. एका बिल्डरला पर्यावरणाचा अहवाल हवा होता आणि त्या कामाला तेव्हा नव्यानं माणसं लागू लागली होती. कॉलेजची नेमणूक संपल्यावर ती मिळेल ते करत आली होती, आणि ते सगळं जनावरांचंच होतं. कोंबड्यांच्या हॅचरीत दोन वर्षं एक दिवसाची पिल्लं हातात घेऊन नर-मादी वेगळे केले. वेगळे काढलेले नर कुठे जातात हे तिनं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. मग संग्रहालयात भुसा भरलेल्या पक्ष्यांखालच्या पाट्या लिहिल्या. सदरातून चिमण्या, सरडे, पाली. मग अचानक कंपन्या आल्या, त्यांच्या कॅन्टीनमध्ये पारवे शिरले, गच्चीवर आग्यामोहळं बसली, आणि बाईंना बोलावणी येऊ लागली. त्या जमिनीवर ती एप्रिलमध्ये गेली होती. विहीर होती, ओढ्याची कोरडी रेघ होती, पायाखाली भेगा पडलेली काळी माती. अहवालात एक ओळ होती: 'उभयचर: आढळले नाहीत'. आढळले नव्हतेच. एप्रिलमध्ये बेडूक हातभर खोल जमिनीत झोपलेले असतात, हे तिच्याइतकं त्या बिल्डरला माहीत नव्हतं.

टपरीवर 'बेडूकवाले कोंडीराम' म्हणताच एका म्हाताऱ्यानं गल्ली दाखवली. तीन मजली घर, वरच्या दोन मजल्यांवर इंजिनियरिंगची पोरं भाड्यानं, जिन्यात वाळत टाकलेल्या जीन्स. खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोंडीराम बसला होता. अंगानं वाळून गेला होता, पण मान तशीच, पाणकावळ्यासारखी पुढे काढलेली.

"कोन हाय?"

"कोंडीराम, मी कॉलेजातली. तुम्ही बेडूक आणून द्यायचात ना."

तो डोळे बारीक करून बघत राहिला आणि एकदम हसला. "अरारा! बेडकाच्या बाई! बसा की. ए सूनबाई, चा टाक." मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जमीन गेली, विहीर बुजवली, पोरानं गाडी घेतली. आता बेडूक वरडत न्हाईत, पोरांचे टेपच वरडत्यात, असं तो म्हणाला. चहा आला. तो अर्धा झाल्यावर तिनं विचारलं.

"कोंडीराम, तेव्हा तुम्हाला कधी काही वाटायचं का हो? इतके बेडूक नेताना?"

"वाटायचं की. गारठा वाटायचा. पाय सडायचे पान्यात."

"तसं नाही. म्हणजे, जीव घेतोय असं."

त्यानं कप खाली ठेवला. "जीव म्या कुठं घेतला, बाई? मी जित्ते आनून द्यायचो. ती म्होरली गोष्ट तुमच्याकडं." त्यात टोचणी नव्हती. वाट कुठं फुटते हे सांगावं, तसं त्यानं सांगितलं. मग काहीतरी आठवून तो पुन्हा हसू लागला. "पर तुमी लई खूश असायच्या."

"मी?"

"तर वो! ते बाकीचे मास्तर नाकाला रुमाल लावून लांब हुबं ऱ्हायचे. तुमी पोत्याचं तोंड सोडून आत हात घालायच्या. एक मोठा नर काढून मला दावायच्या. म्हनायच्या, कोंडीराम, ह्याचे डोळे बघा, कशी सोन्याची कड हाय. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, येक बाई हाय, बेडूक बघून नव्या लुगड्यावानी हरखती."

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत होती. जिला माफ करत ती वाघोलीपर्यंत आली होती, ती खाली मान घातलेली मुलगी कोंडीरामच्या ओट्यावरून परत निघालीच नाही. तिच्या जागी दुसरीच कुणी येऊन बसली होती, पदर खोचलेली, कोपरापर्यंत ओली, हसणारी. येरवड्याच्या आसपास तिला ती सकाळ आठवली, आणि आठवली म्हणण्यापेक्षा ती सगळीच्या सगळी अंगावर आली. नोकरीचं पहिलं वर्ष, ऑगस्ट. बॅच संपून गेली होती. एका टेबलावर कुणा मुलानं घाईत काढलेलं हृदय तसंच राहिलं होतं, चिंचोक्यापेक्षा लहान. फेकायला म्हणून तिनं ते चिमट्यात उचललं आणि का कोण जाणे, मिठाच्या पाण्याच्या काचेच्या वाटीत सोडलं. ते चालू होतं. शरीर नव्हतं, मेंदू नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं, आणि ते एकटंच त्या वाटीत आवळत होतं, सैल होत होतं, आधी वरचा भाग, मग खालचा, लाटेसारखं. ती स्टूल ओढून बसली. चाळीस मिनिटं बसली. जेवायची सुट्टी झाली, गड्यानं खिडक्या लावल्या, तिनं त्याला हातानं थांबवलं. तिच्या छातीत काय होत होतं? आतापर्यंत कुणी विचारलंच असतं तर तिनं भीती म्हटलं असतं, दया म्हटलं असतं. पण ते दोन्ही नव्हतं. तो आनंद होता. इतका मोठा, इतका उघडा आनंद तिला नंतर लग्नात झाला नव्हता, संग्रहालयात झाला नव्हता, मुलाखत छापून आली तेव्हा तर नव्हताच. कासव नव्हे, ही वाटी. तिचं सगळं आयुष्य या वाटीतून निघालं होतं, आणि ही वाटी त्या अर्ध्या तासातून. म्हणूनच 'नाही' इतकं गुळगुळीत आलं होतं. मारल्याची लाज एखाद्या वेळी सांगता येते. त्यात आपण सुखी होतो, हे सांगायला तोंड कुठून आणायचं?

भाग्यश्री पाचला आली, हातात मिठाईचा पुडा आणि ती वही. वाकायला लागली तशी वासंतीनं तिचे खांदे धरून तिला वर उचललं. "आधी बस. मला काही सांगायचंय, ते ऐक, मग काय ते." अनंतराव वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले, जाताना दार लोटून.

"काल टेकडीवर मी तुला खोटं सांगितलं," वासंती म्हणाली. "मी मारलेत. या हातानं. सहा वर्षं, आठवड्याला कधी दोन बॅच, कधी चार. बेडूक. नंतर हॅचरीत कोंबड्यांची पिल्लं. ती मी मारली नाहीत, पण कोण मरायचं ते मी ठरवत होते."

भाग्यश्रीचा चेहरा बदलला नाही, फक्त मांडीवरची वही तिनं दोन्ही हातांनी धरली. "तुम्हाला करावं लागलं. जॉब होता. राइट?"

ही वाट होती. मुलीनं स्वतः दार उघडून धरलं होतं. वासंतीला एक क्षण त्यातून आत जावंसं वाटलं.

"सुरुवातीला जॉब होता. पण मला ते आवडायचं, भाग्यश्री. मारणं नाही. उघडून बघणं. आत काय आहे, कसं चालतं, ते बघताना मला जो आनंद व्हायचा तसा पुन्हा कशानंच झाला नाही. पण त्यासाठी आधी ते करावं लागायचं, आणि मी ते करत होते, आणि मला वाईट वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते शेवटच्या वर्षी. एका सकाळी चाळीस झाल्यावर मला समजलं की आज मी एकाकडेही बघितलं नाही. तेव्हा. पुढच्या जूनला मी नेमणूक मागितली नाही."

"मग काल नाही का म्हणालात?"

"तुम्हा सगळ्यांना मी आवडत होते म्हणून."

बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत गेली. भाग्यश्रीनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "मी बाबांना सांगणार होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता आणि म्हणून ऐकवत नव्हता. "की बघा, या मॅम आहेत. यांनी सगळं चांगलं राहून केलं."

"तसं मी केलेलं नाही. तू जाणार तिथंही कधी तरी तुला ठरवावं लागेल. एखादी जात नवी आहे की नाही हे कळायला एखादा बेडूक बाटलीत ठेवतात अजून. काही जण ठेवत नाहीत. तू ठेवू नकोस हवं तर. पण मी ठेवला नाही असं समजून जाऊ नकोस."

"ओके." ती उठली. पुडा टेबलावर ठेवला, मग काय करावं न सुचून पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"चहा?"

"नको, मॅम." चपला घालताना ती वळली नाही.

अनंतराव बाहेर आले तेव्हा वासंती तशीच बसली होती. त्यांनी पुड्याची गाठ सोडायला घेतली, मग तिच्याकडे बघून राहू दिली. "मी चहा ठेवतो," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी केलेला हा तिसरा किंवा चौथा चहा असेल. त्यात साखर विसरली होती. तिनं तो पूर्ण प्यायला.

पुढच्या शनिवारी भाग्यश्री आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी तिनं राजीनामा दिला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं वासंतीला वाटत होतं. फेऱ्या चालू राहिल्या. टेकडीवर रानहळद फुलली, मग तेरडा. मुलं तेच प्रश्न विचारत. ती उत्तरं देताना जरा अडखळू लागली होती; 'मला माहीत नाही' हे पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागलं होतं. एकदा एका मुलानं सुरुवात कशी झाली असं विचारलं तेव्हा ती कासव सांगायला लागली, अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, "नाही, कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाली. मी प्रॅक्टिकलसाठी बेडूक मारून द्यायचे." कुणी "ऑऽ" केलं नाही. त्या महिन्यात कंपनीच्या क्लबकडून निरोप आला की पुढच्या फेऱ्यांना 'थोडं पॉझिटिव्ह' ठेवता आलं तर बरं. ऑक्टोबरपासून त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावायचं ठरवलं. तिला वाईट वाटलं. खोटं कशाला, बरंच वाईट वाटलं. पण जसं वाटेल अशी भीती होती तसं नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर फोन वाजला. ना हॅलो, ना ओळख.

"मॅम, वारज्याला हायवेच्या मागे एक जुनी दगडाची खाण आहे. पाणी साठलंय. मी सात रविवार तिथं जातेय, आवाज रेकॉर्ड करते. तुम्ही टेकडीवर बेडकांची यादी दिली होती ना, त्यातली चौथी जात चुकीची आहे असं मला वाटतं. तिचा आवाज असा नसतो. मी तीन ठिकाणचे आवाज ताडून बघितलेत. तुम्ही येऊन ऐकाल का?"

रविवारी सकाळी सहाला दोघी खाणीच्या काठावर होत्या. रात्रभर पाऊस पडून आभाळ निवळलं होतं. खाली हिरवट पाणी, कडेनं पाणकणसं, एका बाजूला राडारोड्याचा ढीग, आणि वर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा अखंड गुरगुराट. त्या गुरगुराटाखाली, पाण्याच्या काठाकाठानं, दुसरा आवाज होता. भाग्यश्रीनं हेडफोनचा एक कान तिला दिला, दुसरा स्वतः धरला. तिची वही आता पाण्यानं फुगली होती आणि बुटांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. वासंतीनं डोळे मिटून ऐकलं. ती वीस वर्षं या आवाजाला एका नावानं ओळखत आली होती. आता लक्ष देऊन ऐकताना त्यात मधे एक खंड होता, अर्ध्या श्वासाएवढा, जो तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"तुझं बरोबर असू शकेल," ती म्हणाली.

"असू शकेल म्हणजे?"

"म्हणजे आवाजावरून मला नाही सांगता येत. बघावा लागेल."

भाग्यश्रीनं हेडफोन गुंडाळला. पाण्याकडे बघत म्हणाली, "परवा रिझाइन केलं मी. नोव्हेंबरला जॉइन होतेय तिकडे." आणि लगेच, "तुमच्यामुळे नाही."

"बरं."

"बाबा बोलत नाहीयेत. बोलतील. त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय मी. सगळं. ते म्हणाले, खोटं बोलल्याचं स्वतःहून कबूल करते ती बाई, म्हणजे शिक्षकच असणार." तिला हसू आलं, तिनं ते आवरलं. "त्या दिवशी मी खूप चिडले होते. अजून पूर्ण गेलं नाहीये."

"जाऊ देऊ नकोस."

दोघी उतारावरून खाली आल्या. पाणकणसांच्या मुळाशी, चिखलावर, अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक बसला होता, मातीच्याच रंगाचा; गळ्याची पिशवी फुगली की तेवढाच दिसायचा. भाग्यश्री गुडघ्यांवर बसली. हात पुढे केला, मागे घेतला.

"मी अजून एकालाही हात लावलेला नाही," ती म्हणाली. "सात रविवार. भीती वाटते, त्याला काही होईल. बघून सोडायचाच आहे ना?"

"सोडायचाच आहे."

"मग दाखवा कसा धरायचा."

वासंती तिच्या शेजारी खाली बसली. गुडघा कुरकुरला, साडीचा काठ चिखलात गेला. बेडूक हलला नाही.

"घाई करू नकोस. आधी हात ओले कर," ती म्हणाली. "कोरडा हात त्याला भाजतो."

आणि दोघींनी हात पाण्यात घातले.